मावशीची सीट आणि एक लाखाचा चरखा

सुरुवातीलाच कबूल करतो, सीट मीच मागे नेली होती.

सेवाग्रामला मी मावशीकडे राहून पीएच.डी.चं काम करतो. मावशीची गाडी सेकंड हँड आहे, नागपूरहून साडेचार लाखांना घेतलेली. ड्रायव्हरच्या सीटला खाली बाजूला बटणं आहेत. एकाने सीट पुढे-मागे आणि वर-खाली होते, दुसऱ्याने पाठ झुकते. माझी उंची सहा फूट, मावशीची पाच फुटांना दोन इंच कमी. एका रविवारी मी गाडी घेऊन वर्ध्याला गेलो, जाताना सीट पार मागे नेली, संध्याकाळी गाडी आणून दारात लावली. सोमवारी सकाळी मावशी बसली, बटण पुढे ढकललं, आणि काहीच झालं नाही. तिचा पाय ब्रेकपर्यंत पोचेना.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? काकांना अर्धांगवायू झाल्यापासून आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं, आणि ते काम मावशीच करते. पाठीमागे उशी लावून बघितली. पण ब्रेक जोरात दाबला की उशी दबते आणि माणूस मागे जातो. मीच म्हटलं, "मावशी, हे नको." आठवडाभर मी ड्रायव्हर झालो. माझं काम राहिलं त्याचं काही नाही, पण मावशीला प्रत्येक वेळी मला विचारावं लागत होतं, ते तिला आवडत नव्हतं.

गाडी एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी सांगितलं, स्विच सुटा मिळत नाही, सीटचा अख्खा सांगाडा मोटरींसकट बदलावा लागेल. खर्च ३८,००० रुपये, माल यायला तीन आठवडे.

मग वर्ध्यातले एक गाड्यांचं वायरिंग करणारे गृहस्थ भेटले. त्यांनी सीटवर बसून बटण पुढे-मागे केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, सीट कायले बदलता? बटन खोलून तर पाहू."

माझा शोधप्रबंध यंत्रांच्या दुरुस्तीच्या इतिहासावर आहे. एम.एस्सी. फिजिक्समध्ये केलं, आणि यंत्र कसं चालतं यापेक्षा ते बंद पडल्यावर काय होतं हे मला जास्त खुणावायला लागलं. तरी ते बटण आपण उघडून बघावं हे आठवडाभर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ते का आलं नाही, हाच आजच्या लेखाचा विषय.

बटण बाहेर काढताना

पहिलं काम, बॅटरीची मायनस तार काढणं. हे चुकवायचं नाही. आजकाल बऱ्याच गाड्यांमध्ये सीटच्या बाजूलाच एअरबॅग असते, आणि पट्टा ओढून धरणारी यंत्रणा तिथेच जवळ असते. तिच्या वायरींचे कनेक्टर बहुतेक पिवळे असतात. तार काढल्यावर काही मिनिटं थांबायचं, कारण एअरबॅगच्या सर्किटमध्ये थोडा वेळ ऊर्जा साठलेली राहते. आणि पिवळ्याला हात लावायचा नाही.

मग बटणांच्या वरच्या टोप्या. त्या सरळ बाहेर ओढल्या की निघतात, पण ओढताना "आता तुटलं" असं वाटतंच. त्यानंतर सीटच्या बाजूचं प्लास्टिकचं आवरण. त्याला दोन स्क्रू दिसत होते. तिसरा एका छोट्या झाकणाखाली होता, आणि बाकी सगळं आतल्या क्लिपांवर अडकवलेलं. स्क्रू डोळ्यांना दिसतो, तो कुठल्या दिशेने फिरवायचा हे सगळ्यांना माहीत असतं. क्लिप दिसत नाही. ती कुठे आहे आणि कुठल्या बाजूने दाबली की सुटते, हे आधी ठाऊक असावं लागतं. वायरिंगवाल्यांनी बोटं आत घालून चाचपत चार क्लिपा सोडवल्या, एक तुटली. मग कनेक्टरची जीभ दाबून वायरी वेगळ्या केल्या, स्विचचे तीन स्क्रू काढले, आणि काडेपेटीपेक्षा थोडी मोठी एक काळी डबी हातात आली. ३८,००० रुपयांचं दुखणं एवढंसं होतं.

डबीत काय होतं?

सीट सरकवणारी मोटर साधी डीसी मोटर असते. तिला दोन वायरी. पहिलीत प्लस आणि दुसरीत मायनस दिला तर ती एका दिशेने फिरते, उलट दिला तर उलट्या. स्विचचं काम एवढंच. तो सोडलेला असताना मोटरची दोन्ही टोकं मायनसला, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली असतात. बटण पुढे ढकललं की एक टोक प्लसला जातं, मागे ढकललं की दुसरं.

आता वायरिंगवाले कान लावून काय ऐकत होते ते सांगतो. बटण मागे दाबलं की मोटर गुरगुरत होती. सीट आधीच पार मागे असल्याने सरकत नव्हती, पण मोटर जोर लावत होती. पुढे दाबलं की शांतता. एका दिशेने मोटर चालते म्हणजे मोटर ठीक, फ्यूज ठीक, वायरी ठीक. उरतो तो स्विचमधला संपर्क. मल्टिमीटर न लावता त्यांनी दुखणं तिथपर्यंत आणलं होतं. खात्री करायला दुकानातली वेगळी बॅटरी घेतली, मध्ये फ्यूज घातला, आणि मोटरच्या दोन वायरींना थेट बारा व्होल्ट दिले. सीट सरसर पुढे आली.

डबी उघडली तेव्हा तांब्याच्या एका पट्टीच्या टोकावर काळा थर दिसला. बटण सोडताना दरवेळी तिथे बारीक ठिणगी पडते, वर्षानुवर्षं काजळी साचते. त्यावर कधीतरी चहा सांडल्याचाही चिकट डाग होता. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, हलक्या हाताने घासलं, पट्टीला किंचित ताण दिला, परत बसवलं. चाललं. सहाशे रुपये झाले.

सीटला वीज आली कुठून?

मोटारीच्या सीटला आधी लोखंडी दांडा होता. तो ओढायचा आणि ढुंगणाने सीट मागे ढकलायची. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर पॅकार्ड आणि जनरल मोटर्सच्या महागड्या गाड्यांत तेलाच्या दाबावर सरकणाऱ्या सीटा आल्या. पंप विजेचा, सरकवणारा दट्ट्या तेलाचा. पुढे तेल गेलं आणि सगळं काम मोटरींवर आलं. १९५५ च्या फोर्ड थंडरबर्डमध्ये विजेवर सरकणारी सीट होती. १९५७ मध्ये मर्क्युरी आणि कॅडिलॅक यांच्या काही गाड्यांत सीट ड्रायव्हरची जागा "लक्षात" ठेवू लागली. १९७९ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये दारावर सीटच्याच आकाराचं बटण आलं. चित्रातली सीट जिकडे ढकलाल तिकडे खरी सीट जाते. आज कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत त्याचंच रूप दिसतं, मावशीच्या गाडीतही.

आपल्याकडे तोवर काय होतं? ॲम्बेसेडर, पुढे अख्खा बाक, आणि खाली दांडा. तो दांडा गंजला तर तेल घालायचं, स्प्रिंग तुटली तर रस्त्याकडेचा कुठलाही मिस्त्री बसवून द्यायचा. या आठवणीने आपण लगेच हळवे होतो, "जुनं ते सोनं" म्हणतो. मला ते पटत नाही. ॲम्बेसेडर सतत बंद पडायची, म्हणून तर तिचे मिस्त्री गल्लोगल्ली होते. दुरुस्त होऊ शकणं हा काही जुनेपणाचा गुण नाही. ती एक अट आहे, आणि यंत्र बनण्याआधी कोणीतरी ती लिहावी लागते. हे मला सेवाग्रामने शिकवलं.

ऑक्सफर्ड आणि चरखा

सेवाग्राम आणि मोटारगाडी म्हटलं की इथल्या आठवणींतली एक गंमत हमखास निघते. वर्धा ते सेवाग्राम हा सात-आठ किलोमीटरचा रस्ता. त्यावर जमनालाल बजाज यांच्याकडची एक जुनी फोर्ड बैल जुंपून चालवली जायची. गाडी फोर्ड, ओढणारा ऑक्स, म्हणून तिचं नाव "ऑक्सफर्ड". लोक हसतात आणि म्हणतात, बघा, गांधींना यंत्रं नकोच होती.

कागदपत्रं वेगळं सांगतात. १९२४ मध्येच गांधींनी शिवणयंत्राचं कौतुक करून ठेवलं आहे. आणि १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने एक जाहिरात काढली. सुधारलेला चरखा बनवून द्या, एक लाख रुपये बक्षीस. त्या काळचे एक लाख! जगातल्या कोणाही कारागिराला, इंजिनिअरला ती खुली होती. यंत्र नको असणारा माणूस असं बक्षीस लावत नाही. गांधी तेव्हा साबरमतीला होते. सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, ते ३० एप्रिल १९३६ ला आले. पण ज्या विचारातून ती जाहिरात निघाली त्याची कार्यशाळा पुढे वर्ध्यातच उभी राहिली. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचं ठाणं मगनवाडी, सूत्रं जे. सी. कुमारप्पांकडे. तिथे तेलघाणी सुधारली, वनस्पती तेलावर चालणारा कंदील केला. चरखा संघाचं कामही नंतर सेवाग्रामातून चाललं.

त्या जाहिरातीच्या अटी मी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसलो. थोडक्यात अशा होत्या:

चरखा हलका हवा, उचलून नेता यावा, गावातल्या साध्या घरात हाताने किंवा पायाने चालावा. बाईला फार श्रम न होता सलग आठ तास चालवता यावा. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. भारतात बनवल्यावर किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. यंत्र मजबूत असावं आणि वेळोवेळी देखभाल केली तर न थांबता निदान वीस वर्षं चालावं. देखभाल स्वस्त असावी, आणि वर्षभरात बदलाव्या लागणाऱ्या भागांचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त नसावा.

शेवटची अट परत वाचा. दीडशेचे पाच टक्के, म्हणजे साडेसात रुपये. वर्षाला साडेसात रुपयांपेक्षा जास्त सुटे भाग लागले, तर यंत्र कितीही चांगलं सूत काढो, नापास. दुरुस्तीचा खर्च इथे ग्राहकाच्या नशिबावर सोडलेला नाही, तो यंत्राच्या व्याख्येतच घातला आहे.

मी तीच फूटपट्टी मावशीच्या गाडीला लावली. साडेचार लाखांचे पाच टक्के म्हणजे २२,५००. वर्कशॉपने एका बटणापोटी ३८,००० सांगितले होते. १९२९ च्या परीक्षकांनी ही गाडी दारातूनच परत पाठवली असती.

मग बक्षीस कोणाला मिळालं?

कोणालाच नाही. आणि हे लपवून चालणार नाही, कारण खरी शिकवण इथेच आहे.

जरा गणित करू. १६,००० फूट आठ तासांत, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ सेंटीमीटर सूत, सलग. त्याला पीळ द्यायचा. या नंबरच्या सुताला एका इंचात साधारण १५ पीळ धरले, तर दिवसाचे जवळपास २९ लाख पीळ होतात. एकाच चातीवर हे करायचं तर ती मिनिटाला ६,००० वेळा फिरली पाहिजे, तीही न थांबता. पण साध्या चरख्यावर सूत ओढायचं, मग थांबून ते चातीवर गुंडाळायचं, परत ओढायचं असं चालतं. निम्मा वेळ थांबण्यातच जातो. म्हणजे एकाहून जास्त चात्या हव्यात, पेळूतून कापूस सारखा ओढणारे रूळ हवेत, त्यांना दातेरी चाकं हवीत. प्रत्येक नवीन भाग वेग वाढवतो, आणि झिजण्याची एक नवीन जागाही तयार करतो. वेगाची अट यंत्र गुंतागुंतीचं करत होती, पाच टक्क्यांची अट ते साधं ठेवायला सांगत होती. दोन्ही एकदम पाळणारं यंत्र आलं नाही. पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी जास्त चात्यांचा आणि रुळांचा चरखा केला, तो अंबर चरखा. १९५० च्या दशकात तो देशभर गेला. चालवणारा तोच, पण साध्या चरख्यापेक्षा त्याची बिघाडाची ठिकाणं जास्त.

आणि साधा चरखा तरी कुठे बिनदुखण्याचा होता? चाती जरा वाकली की सूत तुटतं. माळ सैल झाली की पीळ कमी पडतो. फरक एवढाच की वाकलेली चाती डोळ्यांना दिसायची आणि ती सरळ करणं हा कातणं शिकण्याचाच भाग होता. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीमची योजना पुढे आली. तिचा गाभाच हा की मुलाने नुसती टकळी फिरवायची नाही, ती का फिरते हेही शिकायचं. माझ्या मते दुरुस्तीची पहिली पायरी तीच. का चालतं हे कळलं तर का चालत नाही हे शोधता येतं. सीटवर बसून कान लावणारे वायरिंगवाले तेच करत होते.

आता अट कोण लिहितं?

आज ती बहुतेक कोणीच लिहीत नाही, म्हणून भांडावं लागतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड केला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या मिस्त्रींना मिळू दिली जात नाहीत, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारींसाठी दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला होता. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये याच हक्कासाठी समिती नेमली. तिने पहिल्या टप्प्यात चार क्षेत्रं धरली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि मोटारगाड्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळं सगळ्यांनी उघडावं असं मी म्हणत नाही. पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका हे मीच वर लिहिलंय. आणि मावशीच्या गाडीतला स्विच जुन्या पद्धतीचा होता, मोटरचा प्रवाह त्याच्यातूनच जात होता. बऱ्याच नव्या गाड्यांत तसं नसतं. तिथे बटण फक्त एका छोट्या संगणकाला निरोप धाडतं आणि मोटर तो संगणक चालवतो. तिथे कान लावून भागत नाही, कंपनीचं तपासणी-यंत्र लागतं, आणि २०१४ चं भांडण नेमकं त्याचंच होतं. हा बदल होण्यामागे कारणं आहेत. वायरी कमी होतात, ठिणग्या कमी होतात, सीट दोन माणसांच्या जागा लक्षात ठेवू शकते. पण अंबर चरख्याची गोष्ट इथेही लागू आहे. सोय वाढली की बिघाडाची ठिकाणं वाढतात. त्यांचा खर्च कोणी आणि किती सोसायचा, हे आधी ठरवलं नाही तर तो सगळ्यात शेवटच्या माणसावर येतो. आमच्या घरी तो मावशीवर आला होता.

म्हणून मला ती जुनी जाहिरात हरलेली वाटत नाही. बक्षीस कोणी जिंकलं नाही, पण प्रश्न बरोबर विचारला होता. यंत्र किती काम करतं, केवढ्याला पडतं, आणि बिघडलं तर वर्षाला किती मागतं. पहिले दोन प्रश्न आपण शोरूममध्ये आजही विचारतो. पुढच्या वेळी तिसराही विचारून बघा: "हे बटण बिघडलं तर सुटं मिळतं का, आणि केवढ्याला?" उत्तर मिळो न मिळो, समोरच्याला तो प्रश्न ऐकू तर येऊ द्या.

सीट आता मावशीच्या जागेवर आहे. तुटलेल्या क्लिपेच्या जागी आवरण थोडं हलतं, खड्ड्यात आवाज करतं. काल ती काकांना घेऊन एकटीच गेली. मी वर्ध्याला जातो तेव्हा गुडघे स्टिअरिंगला टेकवून जातो. सीट मागे करायची परवानगी मला अजून मिळालेली नाही.

पुढच्या लेखात वाकलेली चाती सरळ करण्याबद्दल लिहिणार आहे. तुमच्या घरी कोणी आजी-आजोबा ते करत असतील, तर त्यांना तोवर विचारून ठेवा.